डावी रांग

"इथं काहीतरी कुजलंय," गलांडे सर म्हणाले आणि खिशातला रुमाल काढून त्यांनी नाकाला लावला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमचं घर खाडीच्या तोंडाशी, खारव्यांच्या वाडीत. पडवीत जाळी पसरलेली, कुडाला सुकटीच्या टोपल्या टांगलेल्या. इथं वास येणार नाही तर काय अत्तर शिंपडलेलं असणार? सर बार्शीकडचे, गळ्यात तुळशीची माळ घालणारे. शाळेत माझ्या बाकावर बसायला मुली कुरकुरायच्या आणि कृषी महाविद्यालयात मी डबा उघडला की कुणीतरी उठून खिडकी उघडायचं. त्या सगळ्यांचा राग मी अनेक वर्षं नीट घडी घालून ठेवला होता. तो त्या क्षणी एकट्या सरांवर काढावासा वाटला.

तोंडानं मी इतकंच म्हणाले, "सर, ही मासेमारांची वाडी आहे."

"ते ठाऊक आहे मला. वाडीचा वास मघाशी रस्त्यावरच आला. हा निराळा आहे. या डाव्या रांगेपाशीच येतोय."

सर गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि डाव्या रांगेतल्या कुंड्यांमधली भाताची रोपं एकेक करून उलटसुलट बघू लागले. ते काय शोधताहेत हे मला माहीत होतं आणि ते सापडणार नाही हेही माहीत होतं. सकाळपासून मी तेच शोधत होते. त्या पानांवर करपा पडायला हवा होता. करड्या पोटाचे, तपकिरी काठाचे, दोन्ही टोकांना निमुळते डाग, आमच्या होड्यांसारखे. त्या रोपांवर मी स्वतःच्या हातानं करप्याची बुरशी फवारली होती, वर ओली गोणपाटं टाकली होती, भाद्रपदातली दमट हवा दिमतीला होती. तरी पानं हिरवीगार. एखादा टाचणीएवढा ठिपका, बस्स.

"दुसऱ्यांदा," सर सरळ होत म्हणाले.

"हो सर."

"पावसे, भाताचा हंगाम अजून एका खेपेपुरताच उरलाय. त्या खेपेलाही डावी रांग आजारी पडली नाही तर हा विषय बंद करावा लागेल. मग तुला दुसरा मार्गदर्शक बघावा लागेल, कारण माझ्याकडे दुसरा विषय नाही."

ते स्कूटरवरून निघून गेले. मी परसातल्या जाळीघराच्या दारात उभी राहिले आणि डाव्या रांगेकडे बघत राहिले. रोपं निरोगी आहेत म्हणून रडकुंडीला आलेलं माणूस आमच्या वाडीनं त्याआधी पाहिलं नसेल.

माझं काम थोडक्यात सांगते. बुरशीच्या अंगाची भिंत कायटिन नावाच्या पदार्थाची असते. कोळंबीचं साल, कुर्लीचं कवच, तेही कायटिनचंच. झाडात मात्र कायटिन नसतं. त्यामुळे पानात कुठं कायटिनचा कण आढळला की झाडाला कळतं, कुणीतरी परकं आलंय. बुरशी पान पोखरू लागते तेव्हा पानातला रस तिची भिंत कुरतडतो, तिचे बारीक तुकडे सुटतात आणि पेशीच्या कातडीवर उभे असलेले ग्राही ते तुकडे पकडतात. बुरशी अख्खी दिसायची गरजच नाही, तिचा चुरा पुरतो. ग्राहींनी तो पकडला की आत एकच धावाधाव सुरू होते. पेशी आपली भिंत लिंपून जाड करते, जहाल रसायनं सोडते, शेजारच्या पेशींना निरोप धाडते. माझा प्रश्न साधा होता. बुरशी यायच्या आधीच पानाला हा चुरा दाखवला, म्हणजे त्याला खोटाच धाक घातला, तर खरी बुरशी येईल तेव्हा ते तयारीत असेल का?

म्हणून दोन रांगा. उजव्या रांगेला मी प्रयोगशाळेतलं शुद्ध कायटिनचं पाणी फवारायची. डाव्या रांगेला नुसतं पाणी. मग दोन्हींवर सारखीच बुरशी. डावी करपली आणि उजवी तगली, तरच म्हणता येणार की तगली ती कायटिनमुळे. डावी करपलीच नाही तर उजवीच्या तगण्याला काय अर्थ?

महाविद्यालयाच्या जाळीघराचं छप्पर त्या वर्षीच्या वादळात उडालं होतं, म्हणून सरांच्या परवानगीनं मी आमच्या परसात बांबू आणि जुन्या जाळ्यांचं जाळीघर उभं केलं होतं. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, आय आणि मी. आय खाडीतली कोळंबी बाजारात नेऊन विकायची आणि दुपारपर्यंत परत यायची. माझ्या कामात ती कधी नाक खुपसत नसे. मुलगी शिकते आहे, काहीतरी भाताचं करते आहे, एवढंच ती विचारणाऱ्यांना सांगायची. वाडीत शाळेपलीकडे गेलेली मी पहिलीच मुलगी. त्यामुळे विषय बंद झाला असता तर तो एकट्या माझा बंद झाला नसता. पुढच्या प्रत्येक पोरीला माझं नाव घेऊन घरी बसवलं असतं.

आणि गंमत म्हणजे पहिली खेप अगदी झकास झाली होती. डाव्या रांगेची पानं आठवड्याभरात डागांनी भरली, पिवळी पडली आणि मान टाकून कुंड्यांच्या काठांवर लोळू लागली. उजवी रांग ताठ. मी आनंदानं मोजमापं घेत होते तेव्हा आय बाजारातून आली आणि डोक्यावरची टोपली न उतरवताच जाळीघरात डोकावली.

"ही मरतात गो," ती म्हणाली.

"हो. छान मरताहेत."

"ह्या बाजूला तू औषध मारलंस. ह्यांना काय नाय दिलंस?"

"त्यांना द्यायचं नसतं, आये. ती मरायलाच ठेवली आहेत."

मी वर पाहिलंसुद्धा नाही. ती थोडा वेळ उभी राहिली असावी. जेवताना तिच्या पानात भात तसाच राहिला, आणि काय झालं विचारलं तर म्हणाली, उन्हात फिरून डोकं चढलंय. आभाळ गच्च भरलेलं असताना कसलं ऊन? पण माझं लक्ष माझ्या आकड्यांत होतं.

त्यानंतरच्या दोन खेपा मात्र अशा फुकट गेल्या.

सर निघून गेल्यावर मी घरात टिकेना. भात शिजत लावावा आणि पुन्हा जाळीघराकडे धावावं, पुस्तक उघडावं आणि पहिल्याच ओळीवर मिटावं, असं चाललं होतं. मनाशी एकेक कारण काढायचं आणि खोडायचं. बुरशी मेली असेल? नाही, त्याच बाटलीतली बुरशी सरांनी महाविद्यालयात एका कुंडीवर फवारली होती आणि ती कुंडी पार करपून गेली होती. बियाणं बदललं? तेच होतं, सरांच्याच पिशवीतलं. वारा, गोणपाटं, विहिरीचं पाणी, सगळं उलटून पालटून पाहिलं. वाडीतल्या कुणी मुद्दाम काही केलं असेल, असंही एकदा मनात येऊन गेलं. शेजारची आवडाकाकू कुंपणावरून उगाच डोकावते असं वाटून मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही.

मग डाव्या रांगेची पानं घेऊन मी प्रयोगशाळेत गेले. पानाला एक निळा रंग लावून विशिष्ट दिव्याखाली धरलं, की ज्या पेशींनी आपली भिंत लिंपून घेतली आहे त्या चमकतात. न फवारलेलं, न आजारी पडलेलं पान अंधारं दिसायला हवं. माझं डावं पान जत्रेतल्या दुकानासारखं उजळलं होतं. सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ तो काढला नाही.

"या पानांना आधीच कुणीतरी चाहूल दिलीय," ते म्हणाले. "कायटिन मिळालंय यांना."

"शक्य नाही सर. ती बाटली कुलपात असते."

"फवारताना हात चुकला असेल तर सांग. चूक सुधारता येते."

"हात चुकला नाही."

"मग पानं खोटं बोलतात का?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मलाही चढवता आला असता. त्यांना वाटत होतं की मी हलगर्जी आहे, नाहीतर खोटारडी. दोन्हींपैकी एकही खोडून काढायला माझ्याजवळ काही नव्हतं. घरी येताना एसटीत मी खिडकीची दांडी इतकी घट्ट धरली होती की उतरताना बोटं सरळ होईनात.

शेवटची खेप पेरली. रोपं उगवली, वीतभर झाली. जाळीघराच्या दाराला मी कुलूप लावलं आणि किल्ली परकराच्या नाडीला बांधली. दुसरी किल्ली नेहमीसारखी घरात देव्हाऱ्यामागच्या खिळ्याला राहिली. ती तिथून काढावी असं मला सुचलंही नाही. घरात आय सोडून होतं कोण?

एके दिवशी सकाळी महाविद्यालयात जायला निघाले तर एसटी आलीच नाही. फाट्यापर्यंत चालत गेले, तिथंही काही मिळालं नाही, तशी वैतागून परत फिरले. परसदारानं आत आले तर जाळीघराचं दार सताड उघडं.

आत आय होती, बाजाराची भरलेली टोपली दाराशी ठेवून. डाव्या रांगेशी उकिडवी बसलेली, शेजारी तेलाचा जुना पत्र्याचा डबा. हातात आंब्याची डहाळी. ती डहाळी डब्यात बुडवून ती एकेका कुंडीवर हलकेच पाणी शिंपडत होती, सत्यनारायणाच्या दिवशी भटजी घरभर शिंपडतात तसं. शिंपडून झालं की ओंजळीनं थोडं मुळाशी घालायची. मग पुढची कुंडी. उजव्या रांगेकडे तिची पाठ होती.

"आये, काय आहे हे?"

ती दचकली नाही. हातातली कुंडी पुरी केली आणि मग म्हणाली, "कोलंबीच्या सालीचं पानी."

कोळंबी सोलली की सालं आमच्याकडे कुणी टाकत नाही. ती पाण्यात भिजत घालायची, चांगली सडू द्यायची आणि ते पाणी शेवग्याला, अबोलीला, दारच्या माडाला घालायचं. आमच्या वाडीत घरोघर असा डबा असतो. त्याचा वास आम्हाला वास वाटतच नाही. मी त्या वासातच लहानाची मोठी झाले होते. आणि सरांनी तो पहिल्या क्षणाला ओळखला होता, नेमकी रांगही दाखवली होती, तर मी वाडीच्या अब्रूसाठी दंड थोपटून उभी राहिले होते.

कोळंबीची सालं. म्हणजे कायटिन. डब्यात सडून सडून त्याचा चुरा झालेला. बाटलीला कुलूप लावून मी जे जपत होते, तेच आय डबा भरभरून डाव्या रांगेला पाजत होती. पानं खोटं बोलत नव्हती.

मी तिच्यासमोर बसले. आधी हसू आलं, मग ते विरलं, कारण डोळ्यांसमोर हंगामाचे उरलेले दिवस आले आणि या खेपेची सगळी डावी रांग, नुकतीच ओली झालेली, थेंब गाळत असलेली. खेप गेली होती. मी आयवर ओरडले. काय काय बोलले ते आता आठवत नाही. माझी सगळी वर्षं तू मातीत घातलीस, असं काहीतरी बोलले असेन. एवढं मात्र नक्की विचारलं, की मी सांगितलं होतं ना, या रांगेला काही द्यायचं नाही म्हणून?

"सांगितलं व्हतंस," आय म्हणाली.

"मग का दिलंस?"

तिनं डहाळी डब्यात ठेवली आणि हात लुगड्याला पुसले.

"तू अर्ध्यांना देतेस नि अर्ध्यांना ठेवतेस. मला बगवत नाय."

"रोपं आहेत ती, आये. माणसं नाहीत."

"ठाव हाय मला."

ती उठेल आणि निघून जाईल असं मला वाटलं. आमच्याकडे भांडणं अशीच संपतात, कुणीतरी पाणी भरायला जातं. पण ती बसून राहिली. मग तिनं माझा दंड धरला आणि बाही वर सारली. माझ्या वयाच्या सगळ्यांच्या दंडावर असतो तसा देवीच्या लशीचा गोल वण माझ्याही दंडावर आहे. त्यावर तिनं अंगठा ठेवला.

"देवी टोचनारा आलेला वाडीत. तुजे बाबा व्हडीवर. तुला मी फुडं केली. तू लय रडलीस, त्याला चावलीस."

ही गोष्ट मी लहानपणी खूपदा ऐकली होती, माझ्या भांडकुदळपणाचा पुरावा म्हणून. ती नेहमी इथंच संपायची.

"पारू पाल्न्यात व्हती," आय म्हणाली.

पारू माझी धाकटी बहीण. ती तापानं गेली, एवढंच मला सांगितलेलं होतं. आमच्या घरात तिचा फोटो नाही आणि नावही कुणी काढत नसे.

"दात येत व्हते तिला. रातभर रडून तेवाच डोला लागलेला. टोचनारा बोलला, अजून कुनी पोर हाय का घरात? मी बोलली, नाय. निजलेल्या पोराला कशाला उठवायचं? म्हटलं फुडल्या खेपेला देऊ." तिचा अंगठा अजून माझ्या दंडावरच होता. "फुडल्या खेपेच्या आदी देवी आली. तुमी दोगी एकाच गोदडीत. तुला एक फोड आला नाय. तिच्या अंगावर टाचनी ठेवाया जागा नव्हती."

बाहेर कुणाच्या तरी कोंबड्या कलकलत होत्या. आयनं पहिल्या खेपेची डावी रांग पाहिली होती, आणि मी न वर बघता सांगितलं होतं की ती मरायलाच ठेवली आहेत.

"तुजी रोपं बगितली नि मला पुन्ना ती गोदडी दिसली," ती म्हणाली. "माज्याकडं औषध नव्हतं. जे व्हतं ते घातलं."

दुसऱ्या दिवशी मी सरांना जाऊन सगळं सांगितलं. पारूचं नाही, डब्याचं. ते हसतील किंवा संतापतील असं धरून चालले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मला मागे बसवून स्कूटर थेट आमच्या घराकडे आणली. आय पडवीत जाळं सांधत होती. तिला नमस्कार करून सरांनी डबा मागितला. माळ एका हातानं छातीशी धरून ते डब्यावर वाकले आणि त्यांनी रुमालाशिवाय वास घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हाच," ते म्हणाले. "हाच तो वास."

त्या क्षणी त्यांच्या तोंडावर असं समाधान होतं की मला पहिल्यांदाच ते आवडले. मग ते कुंपणाशी येरझाऱ्या घालू लागले. मोठ्या बिया निवडून, ऊबदार जागी उगवून, हंगामाच्या शेपटाला आणखी एक खेप होऊ शकेल, असं त्यांनी हिशेब करून सांगितलं. या वेळी तीन रांगा. उजवी माझ्या बाटलीतल्या पाण्याची, मधली डब्यातल्या पाण्याची आणि डावी कशाचीच नाही.

"पण डावी रांग कोरी राहिली पाहिजे, पावसे. अगदी कोरी. इथं शक्य नसेल तर कुंड्या महाविद्यालयात माझ्या खोलीत ठेवू."

मीही तेच ठरवलं होतं. संध्याकाळी कुंड्या बांधायला सुतळी शोधू लागले तेव्हा आयनं विचारलं, कुठं नेतेस? मी सांगितलं. डाव्या रांगेला या वेळीही काही द्यायचं नाही, तेही सांगितलं, आणि ते का द्यायचं नाही हे पहिल्यांदाच नीट बसून सांगितलं. एका रांगेला न देता ठेवल्याशिवाय दुसरीला कशानं वाचवलं ते कळत नाही, आणि ते कळलं तर पुढं शेतंच्या शेतं वाचवता येतील. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तिकडं नेलीस तर त्यांच्याजवल कोन बसंल?" ती म्हणाली.

"कुणी बसायची गरज नसते."

"ती रांग माज्याकडं दे."

एकच खेप, तिच्यावर माझं सगळं पुढचं आयुष्य, आणि ते मी त्याच हातांत द्यायचं ज्या हातांनी तीन खेपा बुडवल्या होत्या. नाही म्हणायला मी तोंड उघडलं. आय कंदिलाची काच पुसत होती, माझ्याकडे बघत नव्हती. तिनं दुसऱ्यांदा मागितलं नाही. जन्मात तिनं माझ्याकडे मागितलेली ती बहुतेक पहिलीच गोष्ट असेल.

मी सुतळी परत ठेवली.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. महाविद्यालयात गेले की जीव घराकडे आणि घरी आले की जाळीघरात. आल्याबरोबर आधी डाव्या रांगेवर वाकून सरांसारखा वास घ्यायची. माझ्या नाकाचा भरवसा नव्हता, म्हणून पानं जिभेला लावूनसुद्धा बघायची. आय बाजारातून लवकर यायला लागली होती. टोपली उतरवून ती विहिरीचं पाणी काढायची आणि डाव्या रांगेला ओंजळीनं घालायची, नुसतं पाणी. मग तिथंच पाट टाकून जाळं सांधत बसायची. मधल्या रांगेला डब्यातलं पाणी द्यायचं काम माझं होतं. त्या डब्याला तिनं त्या दिवसांत हात लावला नाही. कोळंबी सोलल्यावर सालंसुद्धा दुसऱ्या मडक्यात टाकायची आणि हात राखेनं घासून मगच जाळीघरात शिरायची. बुरशी फवारायच्या दिवशी मी तिला म्हणाले, आज आत येऊ नकोस. ती आली. मी डाव्या रांगेवर फवारा धरला तेव्हा ती कुंड्यांच्या पलीकडे उभी होती आणि तिनं नजर वळवली नाही.

एका सकाळी मी चूल पेटवत होते. आय परसातून आली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"आली गो," ती म्हणाली.

मी धावले. डाव्या रांगेच्या पानांवर डाग उतरले होते, होड्यांसारखे, करड्या पोटाचे. दोन दिवसांत सगळी रांग भरली. उजवी रांग ताठ होती आणि मधलीही, आयच्या पाण्याची, तितकीच ताठ. सर आले, त्यांनी मोजलं, पुन्हा मोजलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. विषय वाचला होता. इतका आनंद झाला होता की तो आनंद कुठं ठेवावा कळत नव्हतं, आणि समोर आय पाटावर बसून एक लोळणारं रोप बोटानं सरळ करत होती.

जाताना सर म्हणाले की आजारी रोपं आजच जाळून टाक, बुरशी पसरायला नको. नियमच होता तो. पहिल्या खेपेची मीच जाळली होती. दुपारी मी परसात पाला आणि झावळ्या रचल्या, डाव्या रांगेची रोपं उपटून गोणपाटावर गोळा केली आणि काडेपेटी घेतली.

"जालू नको," आय मागून म्हणाली. "देवी आलेल्याला जालत नाय."

मी काडेपेटी खाली ठेवली. हे मलाही माहीत होतं. देवीनं गेलेलं माणूस आमच्याकडे पुरतात. पारूला कुठं पुरलं ते मी कधी विचारलं नव्हतं, तेव्हाही विचारलं नाही. कुदळ घेऊन मी कुंपणाजवळ, उंडीच्या झाडाखाली खणायला लागले. मुळं आडवी येत होती. थोडं खणून थांबले तर आय म्हणाली, आणखी खोल. मग आणखी खणलं. तिनं गोणपाट उचललं आणि रोपं खड्ड्यात ओतली नाहीत, एकेक मूठ घेऊन आडवी ठेवली. मी माती ओढली आणि पायानं दाबायला गेले, तर तिनं माझा पाय बाजूला केला आणि हातानं दाबली.

आम्ही दोघी घामानं निथळत होतो. मला वाटलं झालं, आता आत जाऊ. पण आय पडवीकडे गेली आणि पत्र्याचा डबा घेऊन आली. खड्ड्यापाशी येऊन ती थांबली. डबा कलता धरलेला, पण ओतत नव्हती.

"आता दिलं तर चालंल ना गो?" तिनं विचारलं.

"चालेल आये," मी म्हणाले.

तिनं डबा पुरा उपडा केला, आणि माती सगळं पाणी पिऊन होईपर्यंत आम्ही तिथं उभ्या राहिलो.